बॅटरीवरील फवारणी-पंपाचे आजार व त्यांची परीक्षा

रब्बीच्या हंगामांत हरभऱ्यास घाटे धरूं लागले म्हणजे तालुक्याच्या गांवच्या दुरुस्तीच्या दुकानांत पाठीवरचे बॅटरीचे पंप रांगेनें मांडलेले दिसूं लागतात. बहुतेकांची तक्रार एकच असते : मोटर फिरते, पण पाणी पहिल्यासारखें येत नाहीं. दुकानदारासही घाई असते. तो पंपाचें डोकें बदलून देतो, पैसे घेतो, आणि आठ-पंधरा दिवसांनीं तोच पंप पुनः त्याच रांगेंत येऊन बसतो. आमच्या पाहण्यांत जे नादुरुस्त पंप आले, त्यांत खुद्द पंपच बिघडला होता असे फार थोडे. दोष कोठें जाळींत, कोठें वायरीच्या जोडांत, कोठें बॅटरींत होता. तो शोधण्याची जी रीत आम्हांस उपयोगी वाटली, ती आमच्या शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों.

लातूर जिल्ह्यांतील एका गृहस्थांचा अडीच एकर हरभरा होता. घाटे-अळीसाठीं त्यांनीं एक फवारणी केली, अळी मेली नाहीं. दुसरी अधिक महाग औषधाची केली, तरीही निम्म्या अळ्या झाडांवर फिरतच होत्या. औषध विकणाऱ्यानें खोटा माल दिला अशी त्यांची खात्री झाली होती. आम्ही त्यांच्याकडे गेलों तेव्हां औषधाची गोष्ट बाजूस ठेवून त्यांस एवढेंच विचारलें, "एकरास टाक्या किती लागतात ?" ते समाधानानें म्हणाले, "पूर्वी वीस लिटरच्या जवळजवळ सात लागत, औंदा साडेचारांतच भागतें." आम्हीं मापाचें भांडें मागवून घेतलें व घड्याळ लावून एक मिनिटभर नोझलचें पाणी त्यांत धरलें. तें सहाशें मिलिलिटर भरलें. टाकीच्या तळाची गाळणी काढून पाहतों तों तिच्यावर विहिरीच्या गाळाचा व पावडरीच्या औषधाचा मेणासारखा थर बसलेला ! ती धुऊन, बॅटरीचा एक सैल जोड आवळून पुनः मोजलें, तों नऊशेंच्या जवळ पाणी आलें. त्याच मोसमांत त्यांनीं दुकानांत पंपाचें डोकें बदलून घेतलें होतें, हें येथें सांगितलें पाहिजे. गाळणी कोणी काढून पाहिलीच नव्हती.

ह्या आंकड्यांचा अर्थ नीट लक्षांत घेण्यासारखा आहे. हरभऱ्याच्या दोन ओळींतील अंतर ४५ सेंटिमीटर असतां मनुष्य एका खेपेस दोन ओळी घेतो, म्हणजे पट्टा ९० सेंटिमीटरांचा झाला. मिनिटास तीस मीटर अशा सावकाश चालीनें तो सत्तावीस चौरस मीटर जमीन भिजवितो. नोझल मिनिटास ९०० मिलिलिटर देत असल्यास चौरस मीटरास सुमारें ३३ मिलिलिटर, आणि एकरास, म्हणजे ४,०४७ चौरस मीटरांस, सुमारें १३५ लिटर पाणी पडतें. तेंच नोझल ६०० देऊं लागलें कीं एकरास नव्वदच लिटर पडतें. औषध टाकींत लिटरच्या हिशेबानेंच घातलें जातें; म्हणून एकरीं औषधही एकतृतीयांशानें घटलें. चालणाऱ्याचा वेळ तोच, अडीच तास, श्रम तेच, आणि टाक्या कमी लागल्या म्हणून बचत झाली असें वाटतें तें निराळेंच! शिवाय दाब उतरल्यामुळें थेंब जाड पडतात व घाट्यांच्या आड बसलेल्या अळीपर्यंत पोंचत नाहींत. अपुऱ्या मात्रेंतून वांचलेल्या अळ्यांची पुढची पिढी त्या औषधास दाद देईनाशी होण्याचा धोका असतो तो वेगळाच. एवढा सगळा अनर्थ तळहाताएवढ्या जाळीपायीं व्हावा हें खेदाचें आहे.

पूर्वीच्या दांड्याच्या पंपांत असें सहसा होत नसे. डाव्या हातानें दांडा मारतां मारतां मनुष्यास आंतली स्थिति कळत असे. नोझल तुंबलें कीं दांडा जड होई, झडप गळूं लागली कीं हलका पडे, टाकी संपत आली कीं हात रिकामा जाई. बॅटरीच्या पंपानें हाताचे कष्ट वांचविले, त्याबरोबर हाताची ही जाणही गेली. आतां तिची जागा कानानें व मापानें भरून काढावी लागते.

आधीं यंत्राची रचना थोडक्यांत सांगतों. लहानशा मोटरीच्या आंसावर एक कलती तबकडी असते. ती फिरतांना रबराच्या पडद्यास आळीपाळीनें दाबते व ओढते. पडद्यापुढें दोन किंवा तीन कप्पे असून प्रत्येकास पाणी आंत घेणारी एक व बाहेर सोडणारी एक अशा रबरी झडपा असतात. पंपाच्या डोक्यावर दाबाचें बटण, ज्यास दुकानांत प्रेशर स्विच म्हणतात, बसविलेलें असतें. हातांतील खटका सोडला कीं नळींतील दाब चढतो आणि हें बटण मोटरीची वीज तोडतें. खटका दाबला कीं दाब उतरतो व मोटर पुनः सुरू होते. टाकीच्या बुडाशीं जी फिरवावयाची चकती असते ती रेग्युलेटरची. ती मोटरीची गति, आणि त्या योगें पाण्याचें मान, कमीजास्त करते.

तेव्हां पंपांत दोन वाटा आहेत. एक पाण्याची : टाकी, तळाची गाळणी, पंप, रबरी नळी, मुठींतील बारीक जाळी, लान्स व नोझल. दुसरी विजेची : बॅटरी, फ्यूज, बटण, रेग्युलेटर, प्रेशर स्विच व मोटर. मोटर फिरत असेल तर आधीं पाण्याची वाट तपासावी, आणि ती नोझलाकडून मागें मागें टाकीकडे यावी. नोझल काढून खटका दाबावा. आतां भरपूर धार आली तर दोष नोझलांत. धार आली नाहीं तर मुठींतील जाळी काढावी. पुष्कळांस येथें जाळी असते हेंच ठाऊक नसतें, व ती पंप घेतल्यापासून कधीं धुतलेली नसते. तरीही धार नसेल तर पंपाच्या तोंडाची नळी सोडून, त्या टोंकाखालीं बादली धरून मोटर क्षणभर चालवावी. तेथें पाणी जोरानें आलें तर नळी कोठें तरी मुडपली किंवा आंतून फुगली आहे. तेथेंही आलें नाहीं तर टाकीची गाळणी पहावी, आणि ती स्वच्छ निघाली तरच पंपाकडे वळावें. ह्या साऱ्यास पाव तासाहून अधिक वेळ लागत नाहीं व एका पान्यावांचून दुसरें हत्यार लागत नाहीं.

कानाची परीक्षा अशी. मोटर एकदम हलकी, उंच सुरांत घूं घूं करूं लागली तर तिच्यावर पाण्याचा भार नाहीं. म्हणजे टाकी रिकामी आहे, गाळणी तुंबली आहे, अथवा कप्प्यांत हवा धरली आहे. हवा धरली असल्यास टाकी निम्मी भरून, खटका उघडा ठेवून, नोझल काढून मिनिटभर चालवावें. बहुधा गुळण्या टाकीत हवा निघून जाते. उलट मोटर खोल, दबलेल्या आवाजानें कण्हूं लागली तर बॅटरी उतरली आहे किंवा पुढची वाट बंद आहे. तिसरा आवाज टक्-टक्, टक्-टक् असा तुटक. ह्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे, कारण ह्याच आवाजाला भिऊन लोक नको तो स्क्रू फिरवितात.

टक्-टक् होण्याचें कारण बहुतेक वेळां असें असतें कीं, पंप जितकें पाणी देतो तितकें नोझलांतून बाहेर पडूं शकत नाहीं. लहान भोंकाचें नोझल लावून रेग्युलेटर पुरा उघडला, अथवा चांगलें नोझल अर्धें तुंबलें, कीं खटका दाबलेला असतांनाही दाब ठरलेल्या मर्यादेस जाऊन भिडतो. प्रेशर स्विच वीज तोडतो. क्षणांत दाब उतरतो. स्विच पुनः वीज जोडतो. मिनिटांत शेंकडों वेळां हें चालतें. प्रत्येक वेळीं स्विचाच्या आंतल्या टोंकांवर बारीक ठिणगी उडते, आणि एका हंगामांत तीं टोंकें काळीं पडून वीज जाऊं देईनाशीं होतात. मग पंप मुळींच सुरू होत नाहीं. उपाय सोपा आहे : नोझल धुवावें, आणि आवाज थांबेपर्यंत रेग्युलेटर उतरवावा. पण आम्ही असे कित्येक पंप पाहिले, कीं ज्यांच्या मालकांनीं किंवा मिस्त्रीनें प्रेशर स्विचाच्या डोक्यावरील स्क्रू आंत पिळून मर्यादाच वाढवून ठेवली होती. टक्-टक् थांबली खरी. पण मोटर तापूं लागली, बॅटरी लौकर उतरूं लागली, व एके ठिकाणीं तर नळीचा जोड सुटून औषधाची पिचकारी फवारणाऱ्याच्या मानेवर उडाली. कारखान्यांतून लावून आलेल्या ह्या स्क्रूस हात लावूं नये, असें आमचें मत आहे.

अशाच जातीचे लहान पडद्याचे पंप इंग्लंडांत खिडक्यांच्या कांचा धुण्यासाठीं वापरतात. पाण्याची टाकी व बॅटरी गाडींत ठेवून लांब पोकळ काठीच्या टोंकास ब्रश लावितात व त्यांतून पाणी सोडतात. उंचीवरील कामाविषयींचे कायदेशीर नियम तेथें सन २००५ मध्यें अमलांत आले, तेव्हांपासून शिडीऐवजीं जमिनीवरून काम करण्याच्या ह्या पद्धतीस विशेष चालना मिळाली. ह्या लोकांचे रेग्युलेटर आमच्याहून एक पायरी पुढें आहेत. मोटर किती वीज ओढते ह्यावरून ते नळी बंद झाली कीं काय हें ओळखतात व मोटर थांबवितात. पण ही हुशारीही अडचणीची ठरते. रेग्युलेटर फार तिखट लावला तर नळी जरा मुडपली, अथवा थंडीनें ताठरली, तरी तो नळी बंद समजून काम अडवितो. फार बोथट लावला तर नळी खरोखर बंद असतांही मोटर कण्हत राहते. म्हणून नळी किंवा नोझल बदललें कीं त्यांस रेग्युलेटर नव्यानें जुळवून घ्यावा लागतो. आमच्या साध्या चकतीसही हीच गोष्ट लागू आहे. दुसऱ्याच्या पंपाची चकती अमक्या खुणेवर असते म्हणून आपलीही तेथेंच ठेवणें व्यर्थ होय. आपलें नोझल, आपली नळी लावून, भांड्यांत मिनिटभर पाणी धरून, हवें तितकें माप आलें कीं तेथें चकतीवर रंगाची खूण करावी.

हा साधा रेग्युलेटर वीज थोडी थोडी देत नसून ती सेकंदांत पुष्कळ वेळां जोडीत व तोडीत असतो. जोडल्याचा काळ अधिक तर गति अधिक. चकती फार उतरविली तर मोटर नुसती गुणगुणते व फिरत नाहीं, तो दोष समजूं नये. चकती कोठेंही फिरविली तरी पंप पूर्ण जोरानेंच धांवत असेल तर रेग्युलेटर आंतून जळून जोडलेलाच राहिला आहे. मोटर मुळींच फिरत नसेल तर बॅटरीच्या दोन वायरी, रेग्युलेटर वगळून, परस्पर पंपाच्या वायरींस लाल-लाल व काळी-काळी अशा क्षणभर लावून पहाव्या. मोटर फिरली तर पंप निर्दोष. दोष बटण, रेग्युलेटर किंवा मधल्या वायरींत. न फिरल्यास प्रेशर स्विच, आणि त्यानंतरच मोटर. रेग्युलेटर परत जोडतांना वायरी उलट लागल्यास तो जळण्याचा संभव असतो. म्हणून सोडण्यापूर्वीं वायरींस खूण करावी. टाकीचें झांकण सैल राहून औषधमिश्रित पाणी खालीं उतरतें व चकतीच्या फटींतून आंत जातें. आमच्या पाहण्यांतील बहुतेक रेग्युलेटर ह्याच मार्गानें गेले. झांकणाच्या रबरी वॉशरास फार थोडे पैसे पडतात.

आतां बॅटरी. घरोघरीं आतां वीज तपासण्याचा मीटर स्वस्तांत मिळतो; गांवांत एक असला तरी पुरे. शिशाची बारा व्होल्टची बॅटरी पुरी भरून कांहीं तास स्वस्थ ठेवली असतां १२·६ च्या वर दाखविते; १२ च्या आसपास आली कीं निम्म्याहून अधिक रिकामी झाली समजावें. परंतु स्वस्थ बॅटरीचा आंकडा फसवा असतो. पंप चालूं ठेवून, नोझल उघडें असतां, बॅटरीच्याच टोंकांवर पहावें. आंकडा धाडकन साडेदहाच्या खालीं गेला तर ती बॅटरी चार्जर कितीही वेळ लावला तरी कामाची नाहीं. तो साडेअकराच्या वर टिकला तर बॅटरी चांगली. मग मीटर तसाच पंपाच्या टोंकांवर, चकती पूर्ण उघडून, लावावा. दोन ठिकाणांत अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक निघाला तर वाटेंत कोठें तरी जोड सैल किंवा गंजलेला आहे. मोटर चार अँपिअर ओढीत असतां ०·२ ओहमचा एक गंजलेला जोड ०·८ व्होल्ट खाऊन टाकतो, आणि तो जोड हातास गरम लागतो, ही त्याची दुसरी खूण. लातूरकडील त्या पंपाचा जोड असाच गरम होता. पिना बारीक कानशीनें घांसून पक्कडीनें आवळल्या कीं झालें. लिथियमच्या बॅटरीस हे आंकडे लागू नाहींत, हें ध्यानांत असावें.

हें सर्व करूनही पाणी कमीच येईल तेव्हां पंप उघडण्याची वेळ आली. पण त्यापूर्वीं टाकींत तीन वेळां स्वच्छ पाणी घालून पंपांतून, नळींतून व नोझलांतून जाऊं द्यावें, मग बॅटरी सोडावी, खटका दाबून उरलेला दाब घालवावा, आणि रबरी हातमोजे घालूनच काम करावें. सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन किती शेतकरी व मजूर दगावले, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तुंबलेलें नोझल तोंडास लावून फुंकण्याची संवय अजूनही शेताशेतांतून दिसते. नोझल जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें पाण्यांत धुवावें, जवळ एक जास्तीचें नोझल खिशांत ठेवावें. तोंड लावूं नये व तारही घालूं नये. तारेनें भोंक मोठें झालें कीं तुषार बिघडतो आणि माप पुनः चुकतें, ह्या वेळीं वरच्या बाजूस.

डोक्याचे स्क्रू काढल्यावर झडपांवर पांढरा किंवा निळसर गाळ दिसेल. बोर्डो मिश्रण, पाण्यांत मिसळणारें गंधक व पावडरीचीं इतर औषधें न गाळतां टाकणाऱ्यांकडे तो हमखास सांपडतो. झडपेखालीं वाळूचा एक कण अडकला तरी त्या कप्प्याचें पाणी पुढें न जातां मागें फिरतें. मोटर चांगली फिरते व दाब मात्र चढत नाहीं. झडपा धुऊन, होत्या त्याच तोंडानें बसवाव्या. पडदा उजेडासमोर धरून पहावा. चीर असल्यास, किंवा रबर फुगून मऊ झालें असल्यास, तो बदलावाच. तेलकट, पाण्यांत दुधासारख्या होणाऱ्या औषधांतील द्रावकानें हलक्या प्रतीचें रबर फुगतें. म्हणून बदली पडदा घेतांना स्वस्ताईकडे पाहूं नये. मोटरीच्या बाजूनें पाणी टिपकत असल्यास पडदा फाटलाच समजून पंप लागलीच बंद करावा, नाहींतर मोटरही जाईल.

कांहीं बागाईतदार हा पंप पाठीवरून काढून दोनशें लिटरच्या पिंपावर बसवितात. सौर कृषिपंपाच्या कांचा धुण्यासाठींही लांब काठीचा ब्रश लावून असा उपयोग केलेला आम्हीं पाहिला. पाठीवरच्या टाकींत पाणी पंपाच्या वर असतें व आपोआप खालीं येतें. पिंपावर मात्र पंपास तें खालून ओढून घ्यावें लागतें. ओढणाऱ्या नळीच्या जोडास फट असली तर तेथून पाणी गळत नाहीं, हवा आंत शिरते. आणि बाहेर कोठेंच ओल नसल्यामुळें तो दोष दिसत नाहीं. पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा पंपाच्या अलीकडे बसविला म्हणजे बुडबुडे डोळ्यांस दिसतात. सौर कांचांसाठीं वेगळें पिंप व वेगळी नळी ठेवावी, सकाळीं कांचा थंड असतां धुवाव्या, आणि बोअरचें जड पाणी कांचेवर वाळूं देऊं नये. त्याचे पांढरे डाग पडतात. इंग्लंडांतील कांच धुणारे क्षार काढलेलें पाणी वापरतात तें ह्याचसाठीं.

हंगाम संपल्यावर पंप स्वच्छ पाण्यानें धुऊन, नळी उलटी टांगून कोरडी करावी. बॅटरी उतरलेल्या स्थितींत कोनाड्यांत टाकली तर तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो व पुढच्या हंगामांत ती भरत नाहीं. ती पुरी भरून, पंपापासून सोडून ठेवावी व महिन्या-दोन महिन्यांनीं एकदां चार्जरला लावावी. पहिल्या फवारणीच्या आदल्या दिवशीं साध्या पाण्यावर मिनिटाचें माप घेऊन तें टाकीच्या पाठीमागें रंगानें तारखेसह लिहून ठेवावें. लातूरकडील त्या गृहस्थांनीं असें लिहिलें आहे, आणि ८०० च्या खालीं माप आलें कीं आधीं गाळणी काढावयाची, असें आपल्या गड्यास सांगून ठेविलें आहे.